वेस्टर्न मालिकेतील नटाच्या उत्तरायुष्यावर व्याख्यान कसे बांधावे

नौपाड्यातील किंवा वाशीतील ज्येष्ठ नागरिक संघात एखाद्या कलावंतावर बोलायचे ठरले, की पुष्कळ वक्ते त्याच्या ऐन भराच्या काळातच रमतात आणि शेवटची तीस-पस्तीस वर्षे दोन मिनिटांत गुंडाळतात. समोरचे श्रोते मात्र स्वतः निवृत्त झालेले असतात, आणि काम थांबल्यावर तो माणूस कसा जगला, हेच त्यांना ऐकायचे असते. ‘गनस्मोक’ या अमेरिकी मालिकेत मार्शल मॅट डिलन साकारणारे जेम्स आर्नेस यांचे उदाहरण घेऊन अर्ध्या तासाचे असे व्याख्यान कसे रचावे, ते येथे मांडले आहे.

मालिकेची ओळख पाच मिनिटांत आटोपावी. ती १९५५ मध्ये सुरू झाली, वीस वर्षे चालली आणि तिचे ६३५ भाग झाले. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, तेव्हा तिकडे ही मालिका संपत आली होती. त्यामुळे आपल्या बहुतेक श्रोत्यांनी ती पाहिलेली नसणार, हे गृहीत धरूनच सुरुवात करावी. एकोणिसाव्या शतकातील कॅन्ससमधले डॉज सिटी हे गाव, तिथली गुराख्यांची वर्दळ आणि कायदा राखणारा एक उंचापुरा मार्शल, एवढी पार्श्वभूमी पुरेशी आहे.

त्यानंतर संपूर्ण आयुष्याला जोडणारा एकच धागा निवडावा. आर्नेस यांच्या बाबतीत तो धागा म्हणजे त्यांचा जायबंदी उजवा पाय, असे माझे ठाम मत आहे. १९४४ मध्ये इटलीतील अँझिओच्या किनाऱ्यावर सैन्य उतरले, तेव्हा सहा फूट सात इंच उंचीच्या या जवानाला पाण्याची खोली कळावी म्हणून नावेतून सर्वांत आधी उतरवण्यात आले. पुढे त्याच आघाडीवर त्यांच्या पायात गोळ्या घुसल्या. ते दुखणे जन्मभर राहिले, घोड्यावर बसताना ते उफाळून येई, आणि तरीही त्यांनी वीस वर्षे घोड्यावरच्या मार्शलचीच भूमिका केली. गुडघेदुखी सोसत रोज स्टेशनचे जिने चढलेल्या श्रोत्यांना हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही, म्हणून या भागाला सात-आठ मिनिटे मोकळ्या मनाने द्यावीत. भिंतीवर अँझिओचा नकाशा दाखवता आला तर उत्तमच. दुसऱ्या महायुद्धावरील मराठी पुस्तकांसाठी ठाण्याच्या १८९३ पासूनच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात जरूर चक्कर मारावी.

खासगी आयुष्याचा भाग सर्वांत जपून लिहावा. आर्नेस प्रसिद्धीपासून लांब राहणारे गृहस्थ होते, आणि वक्त्यानेही त्यांचा तो स्वभाव पाळावा. व्हर्जिनिया चॅपमन यांच्याशी १९४८ मध्ये झालेला त्यांचा विवाह टिकला नाही, हे एका वाक्यात सांगावे आणि दोष कोणाचा, या चर्चेत शिरू नये. १९७५ मध्ये मालिका संपली आणि त्याच वर्षी त्यांची मुलगी जेनी ली वारली. या दोन घटना शेजारी शेजारी ठेवल्या की त्या वर्षाचे ओझे श्रोत्यांना आपोआप जाणवते. मृत्यूच्या तपशिलाची गरज नसते, आणि सभागृहात कोणी तसलेच दुःख मनात घेऊन बसलेले असू शकते. त्याबरोबरच घरातला आनंदही सांगायला विसरू नये. वडिलांना समुद्राच्या लाटांवर फळीवरून स्वार होण्याचा शौक होता, आणि मुलगा रॉल्फ याच खेळात १९७० मध्ये ऑस्ट्रेलियात जगज्जेता ठरला. हे सांगितले नाही, तर वडील म्हणून आर्नेस अर्धेच दिसतील.

उत्तरायुष्य १९७८ पासून सुरू झाले असे धरावे, कारण त्या वर्षी जॅनेट सर्टीस यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि तो अखेरपर्यंत टिकला. कामही थांबले नव्हते. १९८१ मध्ये त्यांनी एका मालिकेत आधुनिक काळातला पोलीस रंगवला, आणि १९८७ ते १९९४ या काळात पाच दूरचित्रवाणीपटांतून मॅट डिलन पुन्हा उभा केला. त्यांतल्या शेवटच्या चित्रपटाच्या वेळी त्यांनी सत्तरी गाठली होती. मालिकेच्या काळातला आणि या चित्रपटांतला, असे दोन चेहरे पडद्यावर शेजारी दाखवून अर्धा मिनिट गप्प राहावे. श्रोत्यांना ते नीट पाहू द्यावेत. २००१ मध्ये त्यांचे आत्मचरित्र आले. २००४ मध्ये छायाचित्रकार मुलगा क्रेग आणि २०१० मध्ये धाकटे भाऊ, नट पीटर ग्रेव्हज गेले, याचा उल्लेख पुरे.

३ जून २०११ रोजी वयाच्या ८८ व्या वर्षी लॉस एंजेलिसमध्ये त्यांचे निधन झाले. आपल्या पश्चात चाहत्यांपर्यंत पोहोचावे म्हणून त्यांनी आधीच आभाराचे पत्र लिहून ठेवले होते आणि ते प्रसिद्ध करण्याचे काम जॅनेट यांच्याकडे सोपवले होते. त्या पत्राचा आशय स्वतःच्या साध्या मराठीत सांगून व्याख्यान संपवावे आणि किमान दहा मिनिटे प्रश्नांसाठी राखावीत. जेनीविषयी कोणी खोदून विचारले, तर ती अकाली गेली एवढेच सांगून पुढचा प्रश्न घ्यावा.