रोजनिशीतला ‘भाऊ’ नेमका कोण?

‘आज भाऊंकडे गेलो. विष्णुशास्त्री आले होते. नानांची गाठ पडली नाही.’ एकोणिसाव्या शतकातल्या मुंबईकर लेखकाच्या रोजनिशीत अशा धाटणीच्या ओळी पानोपानी भेटतात. लिहिणाऱ्याला माणसे ठाऊक होती. त्याने आडनाव का लिहावे? नवा संपादक मात्र आपल्याला माहीत असलेला पहिला भाऊ उचलतो आणि टीप लिहून मोकळा होतो.

त्या काळच्या मुंबईत नामांकित भाऊच दोन निघतात. डॉक्टर भाऊ दाजी, म्हणजे रामकृष्ण विठ्ठल लाड. आणि १८४१ मध्ये ‘प्रभाकर’ काढणारे भाऊ महाजन, म्हणजे गोविंद विठ्ठल कुंटे. दोघांच्याही वडिलांचे नाव विठ्ठल, त्यामुळे वडिलांच्या नावाचाही उपयोग नाही. नोंदीत औषधाचा विषय असेल तर पहिले, छापखान्याचा असेल तर दुसरे, हा अंदाज झाला, पुरावा नव्हे. शिवाय घरातला थोरला भाऊ, शेजारचे भाऊ, सासरचे भाऊ उरतातच. अप्रसिद्ध भाऊच संख्येने जास्त असतात, हे डोक्यात पक्के ठेवावे.

म्हणून डिरेक्टरी, म्हणजे नावापत्त्यांचे छापील पुस्तक, उघडण्याआधी रोजनिशीच पिळून काढायची. एका माणसाचे एक कार्ड न करता एका उल्लेखाचे एक कार्ड करावे. त्यावर तारीख, नाव जसे लिहिले तसे, आधीचा मायना, जागा, सोबत कोण, काम काय आणि पैशांची देवघेव. ऑगस्टमधले विनायकराव आणि नोव्हेंबरमधले विनायकराव एकच आहेत असे सुरुवातीला धरायचे नाही. दोन गठ्ठे नंतर एकत्र करणे सोपे असते. एकत्र केलेले सोडवताना जीव मेटाकुटीला येतो.

मायन्याकडे नवशिक्यांचे हमखास दुर्लक्ष होते. ‘ती.’ म्हणजे वडीलधारे, ‘चि.’ वयाने लहान, ‘रा. रा.’ बरोबरीचा किंवा परका गृहस्थ, ‘वे. शा. सं.’ शास्त्री-पंडित, ‘मेहेरबान’ बहुधा साहेब. त्याहून मोलाचे म्हणजे मायन्यातला बदल. एकाच बाईच्या नावाआधी मार्चपर्यंत ‘सौ.’ आणि जूनपासून ‘गं. भा.’ असेल, तर तिचा नवरा मधल्या काळात वारला. आता वर्तमानपत्रांतली मृत्युवार्ता तीन महिन्यांपुरतीच चाळायची. बायकांचा शोध मुळात अवघड: लग्नात नाव बदलते आणि रोजनिशीत कित्येकदा ‘अमक्याचे कुटुंब’ एवढेच येते. तिथे हाच धागा हाती लागतो.

पैशांच्या नोंदीही बोलक्या असतात. दर महिन्याच्या आरंभी एकाच नावावर तेवढीच रक्कम पडत असेल तर तो घरमालक, शिकवणीचा मास्तर किंवा गडी असावा. स्नेही म्हणून त्याला शोधत बसू नये.

मग तारखा. इसवी सन काढायला शकात चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंत ७८ आणि जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंत ७९ मिळवायचे. माघ शके १७८६ म्हणजे १८६५. सरसकट ७८ मिळवले की वर्ष चुकते. हे वर्ष चुकणे महागात पडते, कारण १ जुलै १८६५ ला शेअरबाजार कोसळला आणि त्याच महिन्याच्या ३१ तारखेला नाना शंकरशेट वारले. त्यानंतरच्या नोंदीत भेटलेले नाना अर्थातच दुसरे. तिथी आणि वार दोन्ही दिले असतील तर जंत्रीत ताडून पाहावे. जुळले नाही तर वाचन चुकले, नाहीतर लेखकाने मागाहून आठवून लिहिले.

रोजनिशी मोडी लिपीत असेल तर ऱ्हस्व-दीर्घावर अवलंबून राहू नका आणि जोडून लिहिलेले शब्द दोन्ही प्रकारे तोडून पाहा.

एवढे झाल्यावर बाहेरची साधने. मुंबई विद्यापीठ १८५७ चे. त्याच्या कॅलेंडरांत परीक्षा उतरलेल्यांच्या याद्या आहेत. नोकरदारांसाठी सिव्हिल लिस्ट आणि सरकारी गॅझेट. छापखानेवाले, किरकोळ ग्रंथकार यांच्यासाठी १८६७ च्या छापखाना कायद्यानंतरच्या तिमाही ग्रंथयाद्या आणि शंकर गणेश दात्यांची मराठी ग्रंथसूची. एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतले पुराभिलेखागार, टाऊन हॉलमधली एशियाटिक सोसायटी, दादरचे मराठी ग्रंथसंग्रहालय हे नेहमीचे फेरे. एशियाटिकचे बरेच साहित्य ‘ग्रंथ संजीवनी’ या संकेतस्थळावर घरबसल्या दिसते, आधी तिथे पाहावे, फेरा वाचतो.

इंग्रजी याद्यांत दोन खाचखळगे. एक, आडनाव नसतेच: दादोबा पांडुरंग म्हणजे तर्खडकर, पण पांडुरंग वडिलांचे नाव. अशा याद्या पहिल्या नावाने चाळाव्या लागतात. दोन, स्पेलिंग. विनायक, विष्णु ही नावे ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ दोन्हींखाली पाहायची, कृष्ण ‘के’ आणि ‘सी’ दोन्हींखाली. डिरेक्टरीतला मजकूर आदल्या वर्षी गोळा केलेला असतो, त्यामुळे पत्ता एखादे वर्ष शिळा धरावा.

उमेदवार सापडला की त्याला बाद करण्याचा प्रयत्न करायचा. तेव्हा तो हयात होता का? मुंबईत होता की बदलीवर? वय बसते का? १८६६ मध्ये विधवांच्या पुनर्विवाहाच्या खटपटीत दिसणारे विष्णुशास्त्री म्हणजे पंडित आडनावाचे. विष्णुशास्त्री चिपळूणकरांचा जन्म १८५० चा, ते तेव्हा सोळा वर्षांचे. नातवाला आजोबांचे नाव आणि दत्तकामुळे बदललेले वडिलांचे नाव या दोन गोष्टींनी भलेभले फसतात. कुलवृत्तांत, म्हणजे घराण्याचा छापील इतिहास, असेल तर तिथे उलगडा होतो. दोन स्वतंत्र पुरावे जुळल्याशिवाय ‘निश्चित’ लिहू नये. एकाच मृत्युलेखावरून उतरवलेली दोन चरित्रे हा एकच पुरावा.

टिपेत ‘निश्चित’, ‘संभाव्य’ की ‘ओळख पटली नाही’ हे स्पष्ट छापावे आणि कारणही द्यावे. ओळख न पटलेल्यांची नावे सूचीतून गाळू नयेत. ‘भाऊ (१)’, ‘भाऊ (२)’ अशी वेगळी, पृष्ठांकांसह ठेवावीत. पुष्कळदा त्या घराण्यातलाच कुणी वाचक पुढे पत्र पाठवून नाव पुरवतो, पण सूचीत जागा असेल तरच.