सेफ्टी कमिटी फाईलमध्येच राहते? या चुका टाळा

वेर्णा, कुंडई, मडकई, बेतोडा. गोव्यातल्या यांपैकी कुठल्याही औद्योगिक वसाहतीतल्या मध्यम कारखान्यात जा आणि सेफ्टी कमिटीची फाईल मागा. ती हमखास मिळते. मग मशीनवरच्या माणसाला विचारा, कमिटीत तुमच्यातर्फे कोण आहे? तो बहुतेक वेळा सुपरवायझरच्या तोंडाकडे बघतो.

भोपाळच्या दुर्घटनेनंतर १९८७ साली कारखाने अधिनियमात ४१-जी हे कलम आले. धोकादायक प्रक्रिया असलेल्या कारखान्यात कमिटी हवी आणि तिच्यात कामगार व व्यवस्थापनाचे प्रतिनिधी समसमान हवेत, असे ते सांगत होते. आता त्या अधिनियमाच्या जागी आलेल्या २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही कामगारांची बाजू संख्येने कमी ठेवता येत नाही. पण ही संख्या कागदावर जुळवणे फार सोपे असते, आणि पहिली चूक तिथेच होते.

कामगारांचा प्रतिनिधी एचआरने निवडणे

साहेबाला उलटून न बोलणारे दोन-तीन जण दरवेळी घेतले जातात. तेही जनरल शिफ्टमधले, आणि रात्रपाळीचे कोणीच नसते. टाकी साफ करणारे, वेल्डिंग करणारे, ड्रम चढवणारे बहुधा कंत्राटदाराचे लोक असतात, आणि त्यांना कमिटी आहे हेच माहीत नसते. नावे युनियनकडून किंवा विभागवार मतदानाने घ्या. कंत्राटी कामगाराला सदस्य करण्यात अडचण वाटत असेल, तर निमंत्रित म्हणून तरी बैठकीला बसवा.

प्रत्येक इतिवृत्तात ‘हेल्मेट वापरावे’

एक नेहमीचा प्रसंग बघा. पॅकिंगच्या कन्व्हेयरचा गार्ड काढून बाजूला भिंतीला टेकवून ठेवलेला असतो. बैठकीत ठरते, गार्ड काढणाऱ्याला मेमो द्यावा. आठवड्याने गार्ड परत भिंतीला. कारण कोणी विचारलेलेच नसते. बेल्टमध्ये माल सारखा अडकतो, गार्ड सहा बोल्टवर बसवलेला, पाना स्टोअरमध्ये आणि टार्गेट डोक्यावर. अशा वेळी बोल्टऐवजी बिजागरी लावायची आणि गार्ड उघडताच मशीन बंद पाडणारा इंटरलॉक स्विच बसवायचा. खर्च किरकोळ असतो, पण तो मंजूर करणारा माणूस बैठकीत नसेल तर विषय पुढच्या तिमाहीत जातो. म्हणून अध्यक्षपदी खर्चावर सही करू शकणारा अधिकारी हवा. प्रत्येक मुद्द्यापुढे कोण करणार आणि कधीपर्यंत, एवढे लिहा. बैठकीआधी सदस्यांनी एकत्र शॉपफ्लोअरवर फेरी मारावी. ठरलेले मुद्दे कॅन्टीनच्या फलकावर लावा, राहून गेलेलेसुद्धा.

थोडक्यात चुकलेला अपघात सांगणाऱ्यालाच झापणे

एकदा झापले की पुढच्या वेळी कोणी तोंड उघडत नाही. महिनोन्महिने एकही निअर मिस नोंदला जात नसेल तर खूश होऊ नका. गेटवरच्या ‘अपघातमुक्त दिवस’ फलकाला बक्षीस जोडले तर त्याचाही हाच परिणाम होतो: बोट कापलेला माणूस रुमाल गुंडाळून बाहेरच्या डॉक्टरकडे जातो.

जेवणानंतर, एसी हॉलमध्ये, इंग्रजीत प्रशिक्षण

ऐकणारे कोण? दोडामार्ग-बांद्याहून बसने येणारे, सत्तरी तालुक्यातले, खानापूरचे, ओडिशा-झारखंडचे. ते हजेरीवर सही करतात, आणि अनेकांना दुसरे काही समजलेले नसते. प्रशिक्षण मशीनपाशी द्या, कोकणी-मराठी-हिंदीत, आणि कन्नड-उडियासाठी त्यांच्यातलाच जाणता माणूस उभा करा. शेवटी प्रश्नपत्रिका नको, करून दाखवायला सांगा. अग्निशामकाची पिन कधीच न ओढलेले लोक ‘प्रशिक्षित’ म्हणून नोंदलेले सापडतात.

सर्वांत जास्त वेळ बंदिस्त जागेच्या कामाला द्या. टाकीत एक जण बेशुद्ध दिसला की दुसरा त्याला काढायला आत उतरतो आणि तोही पडतो. हे धाडस ऐन वेळी थांबवता येत नाही, आधीच शिकवावे लागते. हवेत ऑक्सिजन सुमारे २०.९ टक्के असतो, मीटरवर १९.५ च्या खाली दिसला तर उतरायचे नाही. हायड्रोजन सल्फाईड हवेपेक्षा जड, म्हणून तपासणी वर, मध्ये आणि तळाशी अशी तिन्हीकडे हवी. बाहेर एक माणूस सतत उभा हवा. आतल्याच्या अंगाला हार्नेस हवा, म्हणजे तिपाईवरच्या दोरीने त्याला वरूनच ओढता येते.

चवथीच्या शटडाऊनला विसरणे

कायमचे लोक गावी जातात आणि मेन्टेनन्ससाठी नवी गँग आत येते. त्यांना मशीन नवे, वाटा नव्या, सायरनचा अर्थही ठाऊक नसतो. त्या दिवशी गेटवरच अर्धा तास द्या. त्याशिवाय हॉट वर्कचे (वेल्डिंग-कटिंगसारख्या ठिणग्या उडवणाऱ्या कामाचे) परमिट देऊ नका.

मॉक ड्रिल फक्त ४ मार्चला

सुरक्षा दिनाला बॅनर आणि बिल्ले येतातच, त्याबद्दल तक्रार नाही. पण ड्रिल रात्रपाळीतही घ्या आणि शेजारच्या युनिटला कळवून घ्या. जानेवारी २०२३ मध्ये पिळर्ण वसाहतीतल्या रंगाच्या कारखान्याला आग लागली, तेव्हा धूर कुंपणाच्या पार बाहेर गेला होता.

कामगाराचा हक्क त्यालाच न सांगणे

जिवाला तातडीचा धोका दिसला तर कामगार थेट किंवा कमिटीच्या सदस्यामार्फत व्यवस्थापनाला सांगू शकतो, आणि त्याच वेळी निरीक्षकालाही कळवू शकतो. जुन्या अधिनियमाचे ४१-एच कलम हेच सांगत होते, नव्या संहितेतही ही तरतूद आहे. हे चार ओळींत, त्यांच्या भाषेत, पंचिंग मशीनजवळ लावा. खाली पणजीत आल्तिनोवरच्या कारखाने व बाष्पक निरीक्षणालयाचा नंबर मोठ्या अक्षरांत लिहा.