तबल्यावर चुकलं तर काय करायचं? रियाजात वेगळं, स्टेजवर वेगळं

गुरुपौर्णिमेच्या कार्यक्रमात क्लासची मुलं वाजवायला बसतात तेव्हा नीट बघा, ज्याचं चुकतं तो बहुतेक वेळा थांबतो, सरांकडे बघतो आणि कायदा (ठरलेल्या बोलांची रचना) पहिल्यापासून धरतो, तोवर लेहरा (तबल्यासोबत पेटीवर वगैरे फिरत राहणारी सुरावट) पुढे निघून गेलेला असतो. त्या मुलाला बोलण्यात अर्थ नाही, घरी रोज तेच झालेलं असतं, चुकलं की थांब आणि पुन्हा पहिल्यापासून घे. चूक काढायचा रियाज आणि चुकल्यावर सावरायचा रियाज हे दोन वेगळे रियाज आहेत आणि दुसरा बहुतेक जण करतच नाहीत. दोन्ही रोज करा, पण एकात एक मिसळू नका.

१. चूक नक्की कसली आहे ते बघा

तबल्यावरचे हात काढा. हाताने टाळी-खाली देत (खाली म्हणजे टाळी न वाजवता हात बाजूला) तोंडाने पढंत करा, म्हणजे बोल म्हणा, १६ मात्रांचा तीनताल असेल तर १, ५, १३ व्या मात्रेला टाळी आणि ९ व्या मात्रेला खाली. तोंडातच अडखळलं तर बोल पाठ नाहीत, मग हाताला कितीही दामटवलं तरी काही होणार नाही. पढंत स्वच्छ आणि हात अडतोय, तर निकासाचा, म्हणजे बोल हाताने काढण्याचा प्रश्न. दोन्ही ठीक पण लेहऱ्याबरोबर बसलं की सम (तालाची पहिली मात्रा) हुकते, म्हणजे लय पळतेय नाहीतर कुठेतरी मात्रा खाल्ली जातेय.

सुरुवातीला शिकवतात तो कायदाच घ्या, ‘धा धा ति ट धा धा तू ना, ता ता ति ट धा धा धि ना’. यात खूप जणांचं दुसऱ्या ओळीत चुकतं. ‘ता ता ति ट’ला डग्गा (डाव्या हाताचा) बंद ठेवायचा आणि पुढच्या ‘धा धा’ला तो परत आणायचा, तिथे एकतर डग्गा आधीच वाजतो नाहीतर यायचाच राहतो. आता हे फक्त ‘माझा कायदा चुकतो’ म्हणून दिवसभर वाजवत बसलात तर कळणारच नाही, जागा सापडली की काम निम्मं झालं.

२. तेवढाच तुकडा काढून वाजवा

पहिल्यापासून सुरू करायची सवय इथे मोडायची. कारण पहिल्यापासून घेतलं की सुरुवातीचे बोल, जे आधीच चांगले येतात, तेच घासून पक्के होतात आणि अवघड जागा दर वेळी एकदाच वाजते, तीही चुकीची, आणि हाताला चुकीचंही तितकंच पाठ होतं हे लक्षात ठेवा. चुकते त्या जागेच्या आधीचे दोन आणि नंतरचे दोन बोल घ्या, वर ‘ति ट धा धा’ एवढंच, आणि ज्या लयीत एकदाही चुकत नाही इतकी लय खाली आणा. लाज वाटेल इतकी संथ झाली तरी चालेल. नीट बसलं की मेट्रोनोम ४-५ ने वर, बिघडलं की परत खाली. मग पूर्ण ओळ, मग कायदा.

३. रोज थोडा वेळ न थांबता वाजवा

आता दुसरा रियाज. मोबाईलवर लेहरा लावा, रेकॉर्डिंग सुरू करा आणि कायदा, पलटे (त्याच कायद्याचे बोल फिरवून केलेले प्रकार), तिहाई (एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर येणं) सगळं एका दमात वाजवा. काहीही झालं तरी थांबायचं नाही, दुरुस्त करायचं नाही, ते काम रेकॉर्डिंग ऐकल्यावर.

आणि सावरायची प्रॅक्टिस मुद्दाम करा. पलटा चालू असताना मधेच सोडून द्या आणि ठेक्यावर, म्हणजे तालाच्या मूळ बोलांवर या. कितव्या मात्रेवर आहात ते कळलं तर तिथूनच ठेका धरा. नाही कळलं तर अंदाजाने बडवू नका, हात हलका करा, लेहऱ्याची ओळ समेकडे वळते ती ऐका आणि समेवर ‘धा’ने आत या. घाबरायला होतं म्हणून हा वेळ फार मोठा वाटतो, पण मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत तीनतालाचं अख्खं आवर्तन (समेपासून समेपर्यंतची फेरी) ८ सेकंदांत संपतं. हे घरी सवयीचं झालेलं असेल तरच स्टेजवर आठवतं, ऐनवेळी सुचत नाही.

४. स्टेजवर

चुकलं की ठेका. तोंड वाकडं करायचं नाही, मान हलवायची नाही, सॉरी तर अजिबात नाही. ठेका लयीत चालू आहे तोवर समोरच्यांपैकी बऱ्याच जणांना काही झालंय हे कळतसुद्धा नाही. एक-दोन आवर्तनं ठेका वाजवून श्वास घ्या आणि पुढच्या पलट्यापासून सुरू करा, गेलेला पलटा गेला.

तिहाईत सगळ्यात जास्त गडबड होते. ‘तिटकत गदिगन धा’ या ३ मात्रांच्या तुकड्याची तिहाई खालीपासून, म्हणजे ९ व्या मात्रेपासून उचलली तर पहिला धा ११ वर, दुसरा १४ वर आणि तिसरा बरोबर समेवर पडतो. उचलायलाच उशीर झाला तर घाईत कोंबू नका, ते आवर्तन ठेक्यात जाऊ द्या आणि पुढच्या खालीला उचला. तिहाई संपली आणि शेवटचा धा पुढे-मागे पडला तरी तुमची चुकीची सम ओढून नेऊ नका, लेहऱ्याची सम तीच खरी, लगेच तिला धरून ठेका.

५. साथीला बसला असाल तर

इथे चूक गाणाऱ्याची पण असू शकते आणि तेव्हा तुम्ही काय करता यावर साथ ठरते. गायकाची सम हुकली तर भरगच्च बोल बंद, साधा स्वच्छ ठेका. खालीला ‘तिं तिं ता’ आणि ‘ता’ इथे डग्गा पूर्ण गप्प आणि १४ व्या मात्रेच्या ‘धिं’ला ठळक, म्हणजे आपण कुठे आहोत ते गायकाला न बघता कळतं. जोरात सम आपटून ‘बघा तुमचं चुकलं’ असं दाखवणं मला अजिबात पटत नाही. थिरकवाखाँसाहेबांसारखा सोलो वाजवणारा माणूस गंधर्व नाटक मंडळीत बालगंधर्वांच्या गाण्याला साथ करत होता, म्हणजे साथीला कमी समजायचं कारणच नाही. मात्र गायक ठरवून वेगळ्याच मात्रेवरून मुखडा (बंदिशीची सुरुवातीची ओळ) घेत असेल तर ती चूक नाही, त्यामुळे बंदिश कुठल्या मात्रेवरून उठते ते आधीच विचारून ठेवा.

६. कार्यक्रम झाल्यावर

त्या रात्री रेकॉर्डिंग ऐकू नका, सगळंच वाईट वाटतं. दुसऱ्या दिवशी ऐका, शक्य असेल तर सरांबरोबर, आणि वहीत फक्त जागा लिहा, कुठला पलटा, कुठला बोल, मात्रा खाल्ली की डग्गा राहिला. मग त्यातली एकच जागा घ्या आणि पढंतीला बसा.