बालरोगतज्ज्ञांसाठी अमेरिकेत बालमनोविकारतज्ज्ञ होण्याचे मार्ग

अमेरिकेत बालरोगशास्त्राची तीन वर्षांची रेसिडेन्सी (वैद्यकीय पदवीनंतरचे रुग्णालयातील विशेष प्रशिक्षण) पूर्ण केलेल्या डॉक्टरांना बालमनोविकारांकडे वळायचे असेल, तर एक गोष्ट आधी लक्षात घ्यावी: बालमनोविकारशास्त्र ही तेथे बालरोगशास्त्राची नव्हे, तर सर्वसाधारण मनोविकारशास्त्राची उपशाखा आहे. त्यामुळे प्रौढ रुग्णांवर उपचार शिकणे टळत नाही आणि बालमनोविकारशास्त्राच्या बोर्ड परीक्षेआधी (तज्ज्ञतेचे प्रमाणपत्र देणाऱ्या परीक्षेआधी) सर्वसाधारण मनोविकारशास्त्राची बोर्ड परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते.

सर्वांत नेमका मार्ग ‘पोस्ट पीडियाट्रिक पोर्टल प्रोग्राम’चा. बालरोगशास्त्राची रेसिडेन्सी झालेल्यांसाठीच आखलेल्या या अभ्यासक्रमात प्रौढांचे आणि मुलांचे मनोविकारशास्त्र मिळून 3 वर्षांत शिकवले जाते. मात्र तो मोजक्याच संस्थांत चालतो आणि जागा थोड्या असतात, म्हणून केवळ त्यावर विसंबू नये.

दुसरा मार्ग नेहमीचा आहे. मनोविकारशास्त्राची रेसिडेन्सी 4 वर्षांची आणि त्यापुढील बालमनोविकारशास्त्राची फेलोशिप (उपशाखेचे प्रशिक्षण) 2 वर्षांची असली, तरी फेलोशिप एक वर्ष आधी सुरू करता येते. शिवाय बालरोगशास्त्राच्या रेसिडेन्सीचे पहिले वर्ष नव्या प्रशिक्षणात धरले गेल्यास, म्हणजे त्याचे श्रेय मिळाल्यास, एकूण काळ 4 वर्षांपर्यंत खाली येतो. हे श्रेय किती मिळेल, हे मुलाखतीतच विचारून लेखी घ्यावे. दुसऱ्या रेसिडेन्सीसाठी मेडिकेअरचे (मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या सरकारी आरोग्यविम्याचे) प्रशिक्षणासाठीचे थेट अनुदान रुग्णालयाला निम्म्याच प्रमाणात मिळते, आणि काही संस्था अशा उमेदवारांबाबत कचरतात त्यामागे हेही कारण असू शकते. हा प्रश्नही मोकळेपणाने विचारावा. बालरोगशास्त्र, मनोविकारशास्त्र आणि बालमनोविकारशास्त्र या तिन्ही शाखा 5 वर्षांत शिकवणारा ‘ट्रिपल बोर्ड’ अभ्यासक्रम मुख्यतः वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी आहे.

प्रौढांच्या वॉर्डातील महिने अनेकांना नाइलाजाचे वाटतात, आणि मला ही समजूत घातक वाटते. शाळेत जायला नकार देणाऱ्या मुलाच्या घरी नैराश्याने अंथरूण न सोडणारी आई किंवा व्यसनाधीन वडील असू शकतात. त्या आजारांवर स्वतः उपचार केलेला डॉक्टर पालकांना दोष न देता त्यांच्याशी बोलू शकतो. बाळाच्या वाढीची, दीर्घ आजारांची आणि औषधांच्या मात्रेची जाण बालरोगतज्ज्ञाकडे असतेच. त्याने प्रयत्नपूर्वक शिकायचे ते तासभर ऐकून घेणे आणि लगेच उपाय न सुचवणे.

अर्जापूर्वी किमान एक महिना बालमनोविकार विभागात काम करून तेथील वरिष्ठांचे शिफारसपत्र घ्यावे. बालरोगशास्त्राची बोर्ड परीक्षाही नव्या प्रशिक्षणाआधीच उरकावी, कारण रात्रपाळ्या सुरू झाल्यावर तिच्या अभ्यासाला वेळ काढणे कठीण जाते.