तीन ऊस, तीन कपाटं

तालुक्याच्या वाचनालयात तालिकीकरणाला, म्हणजे पुस्तकांच्या नोंदी करून त्यांना विषयवार आकडे द्यायला, बसलो तेव्हा माझी पद्धत सोपी होती. प्रत्येक विषयाला आकडा देणाऱ्या ड्युई वर्गीकरणाच्या शेवटच्या खंडातली सूची उघडायची, शब्द सापडला की समोरचा आकडा पुस्तकाच्या पाठीवर चिकटवून मोकळं व्हायचं. ऊस म्हणजे ६३३.६१. झालं! मग एकदा साखर कारखान्यातल्या केमिस्टने रस उकळण्यावरचं पुस्तक मागितलं. ते खतं-औषधांच्या शेजारी धूळ खात पडलेलं. त्याला पुस्तक मिळालं नाही, मला मात्र बोलणी मिळाली.

तेव्हापासून नुसतं नाव वाचून आकडा देणं बंद. आधी अनुक्रमणिका नि प्रस्तावना चाळतो, मग सूचीतला आकडा आकड्यांच्या क्रमाने विषय मांडलेल्या मूळ तक्त्यात जाऊन पडताळतो. लागवड असेल तर ६३३.६१, साखर बनवणं ६६४.१, कारखान्याचा सहकार ३३४.

विषयशीर्षकांचा, म्हणजे ज्या शब्दाखाली पुस्तक शोधायचं त्या शब्दांचा, घोळ वेगळाच. जुन्या नोंदींत कुठे ‘शेती’, कुठे ‘कृषी’, कुठे ‘शेतकी’. एक शोधलं की बाकीची दोन दडलेली. आता सगळी पुस्तकं ‘शेती’खाली, उरलेल्या दोन शब्दांपुढे फक्त ‘शेती पाहा’. ‘कृषी’ भारदस्त दिसतं म्हणे, पण काउंटरवर तो शब्द कुणाच्या तोंडून ऐकलेला नाही. चारशे नोंदी बाकी आहेत. रोज वीस उरकतो.