आपल्यासाठी सोबतीचा कुत्रा शोधताना

मी ऑटिस्टिक आहे, वय चौतीस, राहायला नाशिकला, गंगापूर रोडला. रविवार कारंजावर हॉर्न एकदम अंगावर आले की माझे पाय जागीच थिजतात. म्हणून अशा वेळी मदत करायला शिकवता येईल असा कुत्रा शोधण्याआधी मी वहीत लिहिलं: तेव्हा त्याने नेमकं काय करायला हवं? मांडीवर वजन टाकून बसणं, नखाने कातडी ओरबाडायला लागलो की नाकाने हात ढकलणं, गर्दीतून कडेला नेणं. तुम्हीही आधी हेच लिहा. जात नंतर बघा. लॅब्रेडॉर चालतो, शांत स्वभावाचा गावठीही चालतो.

कुत्रा बघायला दोनदा जा, वेगवेगळ्या वेळी. मी स्टीलचं ताट थोडं लांब फरशीवर पाडलं. कुशी नावाची कुत्री दचकली, मागे सरली, मग स्वतःहून येऊन ताट हुंगलं. मला हेच हवं होतं. दचकून कोपऱ्यात दडून बसणाऱ्याला हे काम झेपत नाही, आणि त्याच्यावर ते लादूही नये.

ट्रेनरला शिकवताना प्रत्यक्ष बघा. एकाने मला ‘चार महिन्यांत तयार देतो’ म्हटलं आणि पट्ट्याला हिसका दिला. मी तिथूनच परतलो. या कामाला साधारण दीड-दोन वर्षं लागतात. कुत्र्याला घालायचं ‘सर्व्हिस डॉग’ लिहिलेलं जॅकेट ऑनलाइन मिळतं, पण ते म्हणजे प्रशिक्षण नव्हे.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम आहे, त्यामुळे यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, काढून ठेवा. कुत्र्याला घेऊन हॉटेलात, ऑफिसात जाताना मात्र आधी फोन करूनच जा. रेबीजच्या लशीची नोंदवही पिशवीत असू द्या.