सोसायटीच्या एसटीपीतले जिवाणू कामाला कसे लावायचे

चहा गाळला की चोथा गाळणीत राहतो पण साखर कपात जातेच ना, एसटीपीत, म्हणजे सोसायटीचं सांडपाणी साफ करणाऱ्या प्लांटमध्ये, येणाऱ्या पाण्याचं तसंच आहे. जाळीने कचरा अडकेल, टाकीत माती बसेल, पण साबण, भाताची पेज, भांड्यांचं खरकटं पाणी यातलं जे विरघळलंय ते कुठल्याच जाळीत सापडत नाही. ते जिवाणूंना खायला घालायचं. पेज, प्रथिनं असले मोठे घास ते आधी बाहेरच एन्झाइमनी तोडतात मग आत ओढतात, त्यातलं काही ऑक्सिजन वापरून जाळतात आणि उरलेल्यातून नवे जिवाणू तयार होतात. हे जिवाणू एकमेकांना चिकटून गुठळ्या होतात आणि तळाला बसतात. म्हणजे जे बसत नव्हतं ते बसणारं झालं, सगळी गंमत एवढीच.

सुरुवात करताना जवळच्या चांगल्या चालणाऱ्या प्लांटमधून टँकरभर जिवंत गाळ, म्हणजे याच जिवाणूंच्या गुठळ्या, आणा. शेण टाकूनही चालू करतात लोक, पण वेळ जास्त लागतो आणि गाळून नाही टाकलं तर काड्या पंपात अडकतात. पहिले काही दिवस पांढरा फेस येतो, घाबरू नका, जिवाणू कमी आणि साबण जास्त असला की येतोच.

एअरेशन टाकीत, म्हणजे जिथे जिवाणूंना हवा सोडतात तिथे, विरघळलेला ऑक्सिजन लिटरला २ मिलिग्रॅमच्या आसपास ठेवा. आमच्या कमिटीने लाइट बिल वाचवायला रात्रभर ब्लोअर, म्हणजे ही हवा सोडणारं यंत्र, बंद ठेवायचं ठरवलं, मी नको म्हणत होतो, शेवटी गाळ काळा पडून सडक्या अंड्याचा वास जिन्यापर्यंत आला तेव्हा सगळे खाली बघायला आले.

रोज सकाळी एक काम न चुकता करा, एअरेशन टाकीतलं १ लिटर पाणी काचेच्या मापात घेऊन ३० मिनिटं हलवू नका. पहिल्या पाचेक मिनिटांतच चॉकलेटी गुठळ्या ढगासारख्या खाली सरकतात आणि वर नितळ पाणी दिसतं. गाळ २५० ते ३५० मिलिलिटरवर थांबला तर साधारण ठीक समजा, रोज चढत चालला तर जास्तीचा गाळ काढायची वेळ झाली. पण कापसासारखा फुगून बसतच नसेल तर धाग्यासारखे जिवाणू माजलेत, आधी हवा कमी पडतेय का ते बघा.

सेटलिंग टाकीतला, म्हणजे पुढच्या टाकीत तळाला बसलेला, गाळ मात्र सगळा फेकू नका हां, बराचसा परत एअरेशनला पाठवायचा. १९१४ मध्ये मँचेस्टरच्या आर्डर्न आणि लॉकेट या संशोधकांनी हेच केलं, तोच गाळ पुन्हापुन्हा वापरला आणि आठवडे लागणारं काम एका दिवसाच्या आत आलं.

संडासात ॲसिड, ब्लीच बदाबदा ओतू नका म्हणून लिफ्टमध्ये नोटीस लावा. आणि दिवाळीत निम्मी सोसायटी गावी गेली की जिवाणूंना खायला कमी मिळतं, तेवढे दिवस हवा थोडी कमी करा, बंद नाही, आणि गाळ काढायचं लोक परत आल्यावर बघा.